डाळिंबावरची अबोली साडी

मी आज येवल्यात शाळेच्या कचेरीत खुर्चीवर बसतो, ते सुमनआत्यामुळे. वडील गेल्यावर तिने बागलाणातल्या डाळिंबाच्या बागांमध्ये मजुरी करून मला बी.ए.पर्यंत शिकवलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. पदवी मिळाली त्या दिवशी मात्र फोटो काढताना तिने पदर तोंडावर ओढला. दोन्ही गालांवर वांगाचे काळे डाग होते. तो फोटो माझ्या टेबलावर आहे. त्यात मी आहे आणि एक पदर आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा डाग पसरले होते. उन्हातून आली की चेहरा चुरचुरायचा, नाकाची कातडी सोलायची. नाशिकला डॉक्टरकडे चल म्हटलं, तर म्हणाली (मला ती लहानपणापासून भाऊच म्हणते), "मना तोंडले मलम कसाले, भाऊ? (माझ्या तोंडाला मलम कशाला?) मी का नवरी शे (आहे)?"

तिसऱ्या दिवशी सुट्टी संपली, तेव्हा येवल्याला परतण्याआधी नाशिकला जायला मी एकटाच निघालो.

फाट्याकडे जाणारी वाट ती काम करते त्याच बागेतून जाते. उन्हाने फळ करपू नये म्हणून सगळ्या झाडांवर जुन्या साड्या अंथरलेल्या. त्यात एक अबोली साडी दिसली आणि मी थांबलो. माझ्या दहावीच्या निकालाला आत्याने नेसलेली. बागेचे मालक आप्पा बांधावरच होते.

"आप्पा, ही आत्याची ना?"

"तिनंच दिली. जुनी व्हती. ऊन लागलं का फळावर डाग पडतो, मग व्यापारी हात लावत नाय. सालीवरच तं भाव हे!"

"आणि आत्याच्या गालावर पडला, त्या डागाचं काय?"

आप्पा मनापासून हसले. "माणूस काय विकायचं हे का?"

मला हसू आलं नाही. सटाण्याहून एसटीत बसलो तेव्हाही ते वाक्य कानात होतं. घाईत उन्हाची बाजू पकडली. चांदवडपर्यंत डावा दंड भाजला, ओझर येईपर्यंत लाल झाला.

नाशिकला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना आत्याचं लक्ष नसताना मोबाइलवर काढलेला तिच्या गालाचा फोटो दाखवला. त्यांनी तो बाजूला सारला. "फोटो बघून मी औषध देत नाही. त्यांना घेऊन या. पण उन्हापासून जपायला माझी चिठ्ठी लागत नाही." मग शांतपणे समजावलं: सनस्क्रीन तीस एसपीएफचं किंवा त्याहून जास्त. बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं चेहरा, मान आणि कानांना नीट लावायचं. घाम येतो, म्हणून दर दोन तासांनी पुन्हा. "आणि क्रीम आहे म्हणून टोपी सोडायची नाही. तुमचा दंडही जरा झाका."

नाशिकमधल्याच रविवार कारंज्याजवळच्या औषधाच्या दुकानात दुकानदाराने भलतीच डबी पुढे केली. "गावाकडच्या बाईसाठी ना? हे न्या. महिन्यात उजळतील."

"मला आत्या उजळ नको आहे. तिची कातडी चांगली राहायला हवी. सनस्क्रीन द्या."

"शेतातल्या बायका ते लावत नाहीत, साहेब."

"ऊन त्यांच्यावरच जास्त पडतं," मी म्हणालो. आवाज चढला असावा, कारण त्याने मुकाट्याने ट्यूब काढली.

रुंद काठाची, हनुवटीखाली बांधायची टोपी एकच मिळाली, पिवळ्या फुलांची. पिशवीत ठेवली तर काठ मोडत होता, म्हणून येवल्याच्या गाडीत मी ती डोक्यावर घातली.

"काय मास्तर, गोव्याला का?" कंडक्टरने विचारलं.

"येवल्यालाच. एक पूर्ण तिकीट द्या."

मागची बाकडी खदखदून हसली. हात दोनदा टोपीकडे गेला. पण दोन तास मला ही सोसवत नसेल, तर आत्याला रोज मजूरबायांसमोर घाल म्हणून कोणत्या तोंडाने सांगू? टोपी येवल्यालाच उतरवली. त्याच संध्याकाळी आत्याला पाठवायचं पुडकं बांधलं आणि त्यात ही चिठ्ठी ठेवली:

आत्या,

माझ्या पहिलीच्या पुस्तकावरून तू माझ्याबरोबर वाचायला शिकलीस, म्हणून तशाच मोठ्या अक्षरात लिहितो आहे. बागेत निघण्याआधी ट्यूब तोंडाला, मानेला आणि कानांना लाव. दर दोन तासांनी पुन्हा लाव; दुपारच्या भाकरीआधी हात-तोंड धुशील, त्यानंतरही. टोपी पदरावरून बांध. बाया हसतील. मला अख्खी एसटी हसली, काही झालं नाही.

आप्पांनी विचारलं तर सांग, तुमच्या डाळिंबाला माझी साडी चालते, तर मला माझी टोपी चालेल. तुला हे बोलवत नसेल तर नुसती घालून उभी राहा.

पुढच्या महिन्यात तुला डॉक्टरीणबाईंकडे न्यायला येतो. डाग जातील का, मला माहीत नाही. गेले नाहीत तरी त्याच दिवशी आपण दोघं नवीन फोटो काढू. पदर डोक्यावर असू दे, आत्या. तोंडावर नको.

तुझा भाऊ