चाकूरच्या बाळाला भेटताना

कंधारहून एसटी सुटली तेव्हा पिशवीत साबणाची वडी होती आणि डोक्यात संशय. नात रेणुकाचं बाळ दिवस भरायच्या आधीच जन्मलेलं, दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतून नुकतंच चाकूरला घरी आलेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं : हात धुतल्याशिवाय कुणी शिवायचं नाही, एवढ्याशा जिवाला साधा संसर्गही झेपणार नाही.

शेजारी बसलेल्या बाईनं शेंगा सोलून पुढं केल्या. त्याच बोटांनी तिनं आत्ता नाक पुसलेलं.

"उपास हाय," मी म्हणाले.

"मग शेंगा चालतात की, मावशी!"

शेवटी दाढदुखीचं सोंग घेतलं.

अहमदपूरला गाडी बदलताना भज्यांच्या वासानं पाय अडले. "दादा, हात धुतलेस का?"

"मावशी, तेल उकळून राहिलंय. त्यात काय जगतंय?"

"तेलात न्हाई. पण भजी कागदावर तू हातानंच ठेवतोस ना?"

त्यानं बादलीत हात बुडवले. मी बादलीत डोकावले आणि उपाशीच पुढं निघाले.

चाकूरला विहीणबाई, रेणुकाच्या सासूबाई, गोठ्यातून सामोऱ्या आल्या. "साबण लावला का?" माझा पहिला प्रश्न. बिचाऱ्या हसून परत मोरीत गेल्या. मग मीही हात धुतले. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, सगळं घासून. ऐटीत हात पुढं केले.

रेणुकानं बाळ मागं घेतलं. "आजी, हात कशाला पुसलेस?"

पदराला! दिवसभर त्याच पदरानं मी एसटीची दांडी पुसली होती, बाकडं झाडलं होतं, घाम टिपला होता. घरी हात पुसायला दस्ती असते. पण सवय जन्माची.

तरुणपणी तर मी याहून शहाणी. लेकाला हगवण लागली, तेव्हा मला शेजारणीच्या नजरेचा संशय. मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि शेण सारवलेल्या त्याच हातानं त्याला वरणभात भरवला. पोरगं वाचलं, हे त्याचं कर्तृत्व, माझं नव्हे.

पुन्हा साबण. या वेळी हात हवेत धरून वाळवले. विहीणबाई खुदुखुदु हसत होत्या. मग रेणुकानं बाळ दिलं. त्यानं माझं बोट मुठीत धरलं. मी श्वासही जपून घेतला.

दुसऱ्या दिवशी कंधारला परतले. दारातच ह्यांनी विचारलं, "नाक कुणावर गेलंय?"

काय सांगू? सगळा वेळ मी सगळ्यांचे हातच बघत होते. पोराचं तोंड काही आठवेना.


"पुढच्या रविवारी परत जाते," म्हणाले आणि मोरीकडे वळले.