उघड्या हातांची पकड

आमची पलटण उत्तरेच्या सरहद्दीवर, बर्फातल्या चौक्यांवर गेली तेव्हा मी नायब सुभेदार होतो. माझं गाव झरी, तालुका परभणी. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी पत्र्याला हात लावला तर पोळतो. नोकरीने मला नेलं ते अशा ठिकाणी, जिथे लोखंडाला उघडा हात लावला तर कातडी चिकटून बसते. गावाकडे लोक विचारतात, "साहेब, लय थंडी आसंल ना तिकडं?" मी सांगायचं सोडून दिलंय. मी अर्धं सांगितलं की समोरचा त्याच्या महाबळेश्वरच्या सहलीचं सांगायला लागतो.

दुसरा प्रश्न मिलिंदचा. तो मात्र मी टाळत नाही.

लान्स नायक मिलिंद खंदारे, गाव वालूर, तालुका सेलू. कबड्डी बघणाऱ्यांनी त्याला टीव्हीवर पाहिलेला असेल. डावा कोपरा त्याचा. चढाई करणारा आत शिरला की बाकीचे गडी हातात हात धरून सरकतात आणि कोपऱ्यातला माणूस एकटा घोट्यावर झेप घेतो. चुकला तर तोंडावर आपटतो आणि गुणही जातो. मिलिंद फारसा चुकत नसे. फौजेने त्याला खेळाडू म्हणूनच भरती केलं होतं. पुढे फौजेच्या परवानगीने तो व्यावसायिक लीगमध्ये एका मोठ्या शहराच्या संघाकडून दोन हंगाम खेळला. सेलूच्या बाजारात त्याचा फोटो लागला होता. असे खेळाडू सहसा खालीच राहतात, मैदानावर. त्यांनी चौकीवर यावं अशी कुणाची अपेक्षाही नसते.

हा अर्ज करून वर आला. पहिल्याच दिवशी मी त्याला बाजूला घेतलं. आजूबाजूला आपल्याकडचं कुणी नव्हतं, म्हणून गावच्या भाषेत विचारलं, "कामून आलास रं? खाली चांगली मॅट हाय, पंखा हाय."

"साहेब, कंपनी वर अन् मी टीव्हीवर. पोरं फोनवर इचारायलीत, तुला सलाम करायचा का टीव्हीला?"

मला हसू आलं, पण मनातून मी नाराजच होतो. नाव झालेला माणूस चौकीवर आला की तो पाहुण्यासारखा वागतो, नाहीतर जास्तीचं शौर्य दाखवतो, असा माझा अनुभव होता. मिलिंदने माझं दोन्ही बाबतीत तोंड बंद केलं. तो बर्फ वितळवून पाणी करायचा, बुखारी म्हणजे रॉकेलची शेगडी साफ करायचा, पहाऱ्याच्या पाळीला उभा राहायचा. जवान त्याला 'सेलिब्रिटी' म्हणून चिडवत. "सेलिब्रिटी, शेंगदाण्याची चटणी निघाली का पार्सलातून?" असं कुणी म्हटलं की हा डबा फिरवायचा आणि स्वतः चाटूनपुसून उरलेलं खायचा.

खोड एकच होती. काम नाजूक असलं की हातमोजे काढायचा. दोराची गाठ मारायची, कडी अडकवायची, की मोजे दातात. मी त्याला एकदा चांगलंच फैलावर घेतलं.

"साहेब, कापडातून गाठ कळत न्हाई."

"बोटं गळून पडल्यावर कळंल का?"

"आबाची सवय हाय, साहेब. जायची न्हाई लवकर."

आबा म्हणजे त्याचे वडील, दादाराव खंदारे. सेलूच्या कापसाच्या जिनिंगवर हमाली करत आणि संध्याकाळी वालूरला पोरांना कबड्डी शिकवत. त्यांच्या मैदानाचा एक कायदा होता. उतरायच्या आधी तळहाताला माती चोळायची, आणि पकडीच्या वेळी आपला हात आणि समोरच्याचा पाय यांच्यामध्ये चिंधीसुद्धा नको. कुणी बोटाला फडकं बांधून आलं तर दादाराव त्याला परत पाठवत. लीगमधले खेळाडू बोटांना चिकटपट्टी गुंडाळतात. मिलिंदने ती कधी लावली नाही. संघाचा डॉक्टर हात टेकून गप्प बसला होता. मी डॉक्टर नव्हतो. मी त्याला शिक्षा म्हणून आठवडाभर पाण्याच्या कामाला लावलं. त्याने ते काम शीळ घालत केलं.

त्या दिवशी सकाळी सातला आम्ही चौकीवरून निघालो. पाच जणांची गस्त होती. शेजारच्या चौकीपर्यंत जाऊन यायचं. वाट कड्याच्या माथ्यावरून होती, एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला दरी. वाटेवर लोखंडी खुंट्या ठोकून दोर बांधलेला होता. प्रत्येकाच्या कमरेला कडी असते, ती दोराला अडकवून चालायचं. मी पुढे, माझ्यामागे दोन जवान, मग वायरलेस सेट पाठीवर घेतलेला संदीप आणि शेवटी मिलिंद. संदीप पाटील चंदगडचा. त्याला महिन्यापूर्वी मुलगी झाली होती आणि त्याने तिला अजून पाहिलं नव्हतं.

आकाश साफ होतं. मला ते आवडलं नव्हतं. आदल्या रात्री बर्फ पडलेला आणि सकाळी लख्ख ऊन, हे कधीच चांगलं नसतं. मी सगळ्यांना अंतर वाढवायला सांगितलं.

वाटेतल्या मोठ्या खडकाच्या थोडं अलीकडे असताना मागून आवाज आला. जाड कापड फाडल्यासारखा. मी वळलो तर संदीपच्या पायाखालची बर्फाची कड जागेवर नव्हती. त्याची खुंटी बर्फासकट उपसून निघाली होती आणि तो डोकं खाली, पाय वर, असा दरीकडे घसरत होता. सुटलेला दोर मिलिंदलाही ओढायला लागला. मिलिंदने स्वतःची कडी दोरातून काढली आणि पोटावर झेप घेतली. संदीपचा उजवा घोटा त्याच्या हातात आला. घसरणं थांबलं.

संदीपचं कमरेपासूनचं अंग कड्याबाहेर लटकत होतं. मिलिंद आडवा, बुटांची टोकं बर्फात रोवलेली.

"धरलंय!" तो ओरडला.

मी दोघा जवानांना खडकाकडे पिटाळलं. खडकात नवी खुंटी ठोकायची, दोर बांधायचा, मग तो संदीपपर्यंत आणायचा. त्याशिवाय कुणी जवळ जायचं नाही, असा हुकूम दिला. जवळ गेलो असतो तर सगळेच खाली गेलो असतो.

तेवढ्यात खालून, कड्याच्या बाहेरून, आवाज यायला लागला. संदीपच्या पाठीवरचा सेट चालू होता.

"चार्ली, अल्फा बोल रहा है. अपनी लोकेशन बताओ. ओव्हर."

अल्फा म्हणजे आमची मुख्य चौकी, चार्ली म्हणजे आम्ही. उत्तर देणारा उलटा लटकला होता. अल्फा पुन्हा पुन्हा विचारत राहिला. त्या आवाजाने मला चिडायला झालं. आजही कुणी फोनवर तेच तेच विचारलं की मी फोन ठेवून देतो.

"साहेब, सरकायलाय!" मिलिंद म्हणाला.

संदीपच्या पायावर गुडघ्यापर्यंत नायलॉनचं आवरण होतं, वर बर्फ गोठलेला. मिलिंदचे जाड मोजे त्यावरून निसटत होते. मी बघत होतो. त्याने एक हात तसाच घट्ट ठेवला, दुसऱ्या हाताचा मोजा दातांनी ओढला आणि थुंकून टाकला. उघड्या हाताने घोटा धरला. मग दुसरा मोजा तसाच काढला. वाऱ्याने दोन्ही मोजे दरीत गेले. त्याने आवरण वर सरकवलं आणि बुटाच्या वर, आतल्या पायाला बोटं भिडवली. सरकणं थांबलं.

"मिलिंद, हात जातील!"

"जाऊ द्या. आता पकड बसलीय."

खुंटी ठोकायला वेळ लागला. खडक कठीण होता, दोनदा जागा बदलावी लागली. किती मिनिटं गेली ते मी नंतरच्या चौकशीत अंदाजाने सांगितलं. तेवढ्या वेळात मिलिंद एकदाच बोलला. संदीप रडायला लागला तेव्हा म्हणाला, "गप रे पाटला. बाप झालास आता." दोर आला. मी सरपटत जाऊन तो संदीपच्या पट्ट्यात अडकवला. आम्ही तिघांनी ओढलं. संदीप वर आला, आणि तो खडकाला टेकेपर्यंत मिलिंदने घोटा सोडला नव्हता. सोड म्हणालो तर म्हणाला, "सुटंना, साहेब." मी एकेक बोट उचलून सोडवलं. बोटं मेणासारखी पांढरी झाली होती.

मी माझे आतले मोजे त्याच्या हातात घालायला लागलो. बोटं वाकत नव्हती, मोजा चढत नव्हता. "राहू द्या, आधी कडी लावा," तो म्हणाला. त्याची कडी त्याला स्वतःला लावता येत नव्हती, हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं होतं. तो खडकापासून दोन हात अंतरावर उभा होता. नवा दोर त्याच्या छातीपुढून गेलेला. मी त्याच्या कमरेची कडी हातात घेतली आणि राहिलेली कड तुटली.

माझी कडी दोराला होती, मी लटकलो. मिलिंदने दोन्ही हात दोरावर टाकले. हे मी स्वतः पाहिलं. दोन्ही तळवे दोरावर होते. बोटं मिटली नाहीत.

त्याने माझ्याकडे पाहिलं. आणि तो दरीत गेला.

तो सापडल्यावर आम्ही त्याला हेलिपॅडवर सलामी दिली. वालूरला अंत्यविधीला माणसांचा समुद्र लोटला होता. पुढाऱ्यांची भाषणं झाली, घोषणा झाल्या, टीव्हीवाले आले. दादाराव एका खुर्चीवर बसून होते. जय भीम करणाऱ्या प्रत्येकाला उलट जय भीम करत होते. मला त्यांनी काहीच विचारलं नाही. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण बातमीला पाय फुटतात. सुट्टीवर आलेल्या कुणीतरी वालूरला मोज्यांची गोष्ट सांगितली. त्यानंतर दादारावांनी मैदान बंद केलं. पोरं बोलवायला गेली की म्हणायचे, "घरी जा. माझ्यापाशी शिकायसारखं काई न्हाई." मिलिंदच्या आईने, शांताबाईंनी, कुणाकडून तरी माझा नंबर मिळवला. "साहेब, तुमी या एकदा. ह्यांनी जेवण सोडल्यावानी केलंय."

मी पुढच्या सुट्टीत गेलो. संदीपला बरोबर घेतलं. तो चंदगडहून रात्रभर प्रवास करून परभणीला उतरला. जीपमध्ये बसल्यावर त्याने एकच विचारलं, "त्यांना काय सांगायचं, साहेब?" मला माहीत नव्हतं. बर्फात हुकूम देणं सोपं असतं.

दादाराव ओसरीवर बसले होते. चहा झाला. पिकापाण्याचं बोलणं झालं. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"साहेब, एकच इचारतो. हात उघडे व्हते का त्याचे?"

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता.  नाही म्हटलं असतं तर म्हातारा त्या रात्री जेवला असता.

"होय," मी म्हणालो. "उघडे होते. स्वतः काढले."

"मंग दोर धरता आला न्हाई."

"नाही आला."

"म्हंजी मीच मारलं की त्याला." ते अगदी सावकाश म्हणाले. "चिंधी नको, चिंधी नको. बारका व्हता तवापासून सांगितलं. हात बांधला म्हनून मारलं बी एकदा. शिकवलं त्यानंच घात केला."

शांताबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. मी सगळं सांगायला सुरुवात केली. नायलॉनचं आवरण, गोठलेला बर्फ, निसटणारे मोजे. मोजे असते तर तो वाचला असता, हे खरं. आणि संदीप गेला असता, हेही तितकंच खरं. दादाराव ऐकत होते, पण माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. ते अंगणाकडे पाहत होते.  मी सुभेदार झालो होतो, छातीवर फिती होत्या, आणि त्या ओसरीवर माझा काही उपयोग नव्हता.

संदीप उठला. त्याने उजव्या पायातला बूट काढला, मोजा काढला, पॅण्ट वर दुमडली आणि दादारावांच्या समोर जमिनीवर बसला. पाय पुढे केला.

"काका, हा तो पाय."

दादारावांनी पायाकडे पाहिलं. मग त्याच्या तोंडाकडे.

"इथं धरलेलं," संदीपने बोटाने दाखवलं. "घोट्याच्या वर. महिनाभर काळंनिळं होतं. पोरीला पहिल्यांदा उचललं तेव्हाही लंगडत होतो."

दादाराव ओसरीवरून खाली उतरले. उकिडवे बसले. हात पुढे केला, मागे घेतला. मग दोन्ही हातांनी घोटा धरला. हमालाचे हात, मोठे आणि खरखरीत. अंगठा वरून, बोटं खालून.

"असं?"

"नाही काका. जास्त घट्ट."

दादारावांनी आवळलं. "असं?"

"अजून."

त्यांच्या मनगटाच्या शिरा वर आल्या. संदीपने डोळे मिटले.

"हां. असं."

 दादारावांची मान खाली गेली, खांदे हलायला लागले, पण हात हलले नाहीत. मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. मीही तिथेच रडलो. त्या कड्यावर रडलो नव्हतो.

बऱ्याच वेळाने शांताबाई दारातून म्हणाल्या, "आवं, सोडा आता. लेकराला दुखायलंय."

"असू दे मावशी," संदीप म्हणाला. "धरू द्या त्यांना."