पाच एचपीची गिटार

हसायचं असेल तर शेवटी हसा, मधे नाही. मधे हसणाऱ्याला मी ओट्यावरून उठवते. विचारा गावात कुणालाही.

माझी नात सुरतला नोकरीला गेली आणि तिची इलेक्ट्रिक गिटार इथे खुंटीवर राहिली. मी ती मोबाइलवर बघून बघून शिकले. शिलाई मशीन, स्कूटी, शेतातली मोटर, काय मला कुणी शिकवलं होतं? पण या गिटारीचं एक वाईट. नुसती वाजवली तर मच्छरदाणीत डास अडकल्यासारखी कुणकुणते. हिला ॲम्प्लिफायर लागतो.

तरी मी भजनी मंडळात बोलून बसले, "शनिवारी मारुतीच्या देवळात गिटार वाजवणार."

आमची पेटीवाली यशोदा, लग्न होऊन माझ्या मागोमागच या गावात आलेली, पदर तोंडाला लावून म्हणाली, "तू गावसमोर तार वाजाडशी ना व, तं मी पेटी वाजाडानं सोडी दिसू."

झालं. पेटी सोडायची पैज लागली. आता शनिवारी वाजली नाही तर जन्मभर ही बाई मला हिणवणार. त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

म्हशीच्या दुधाचे साठवलेले पैसे कनवटीला लावून मी शहाद्याला गेले. सुनेला सांगितलं, डोळे तपासायला जाते. दुकानदार चांगला होता, पण त्यानं पहिलाच प्रश्न चुकीचा विचारला.

"आजी, वाजाडनार कोन शे? नातू का?"

"मी."

त्यानं पैसे किती आणलेत ते विचारलं. मग माझ्या पैशांत बसतील असे दोनच नग त्यानं पुढे ठेवले. एक नवा, डब्याएवढा. दुसरा जुना, लग्नाच्या बँडवाल्यांनी विकलेला, धान्याच्या कोठीएवढा, आणि तरी महाग.

"हाऊ लहाना लई जा आजी. दहा वॅटना शे, घरले पुरी जाई."

"दहा वॅट? मन्हा ओटावरना बलब नऊ वॅटना शे रे भाऊ. एक वॅट जास्त देस अन् गिटार वाजाडाले सांगस?"

त्यानं समजावलं, आवाजाचा वॅट वेगळा, उजेडाचा वेगळा. मी मान हलवली. पटलं नाही, पण हलवली. म्हटलं, "दोन्ही चालू कर. मी पारखस."

आता पारख म्हणजे काय, ते ऐका. तुमच्यातलं कोणी पंपाची मोटर विकत घेतली असेल तर त्याला माहीत आहे. बटण दाबलं की मोटरीनं एकसारखं घूं घूं करायला हवं. गप्प बसली तर जळालेली. खरखरली तर बेअरिंग गेलेलं. आमच्या घरी चार गावांचे लोक मला मोटर ऐकवायला बोलवायला येतात.

त्यानं लहान डबा चालू केला. काही नाही. दिवा लागला आणि डबा मेल्यासारखा गप्प. मोठा चालू केला, आणि काय सांगू, घूंऽऽऽ! एकसारखं, खालच्या पट्टीत, कुठे तुटणं नाही. मी वर हात ठेवला. त्याचं अंग थरथरत होतं. पाच एचपीची नवी मोटर.

"आजी, हाऊ घुमी ऱ्हायना. आतमा बिघाड शे."

"बिघाड नही. जीव शे तेन्हामा."

मला वाटलं, नवा माल खपवायला बघतोय. पैसे दिले आणि निघाले.

काळीपिवळी जीपमध्ये ती कोठी मांडीवर घेऊन बसले आणि मगच मनात किडा वळवळला. तो बिचारा महाग वस्तू कशाला नको म्हणेल? पण परत जायचं, तर तोंड कुठे लपवायचं? गाडी गावात शिरेपर्यंत मी स्वतःची समजूत घातली होती की मशीनच्या बाबतीत मी चुकत नाही.

शनिवारी संध्याकाळी देऊळ भरलं. बायका, पुरुष, यशोदा पहिल्या रांगेत. मला तारा दिसेनात. मनात मारुतीचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

घूंऽऽऽ.

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मोटर चालू व्हयनी."

तुम्हाला सांगायला हवं. आमच्या देवळाच्या मागेच ग्रामपंचायतीची विहीर आहे. गाव तापीकाठी, पण नळाला पाणी या विहिरीच्या मोटरीवर. त्याची वेळ ठरलेली नाही. देवळातले दिवे एका फेजवर चालतात, मोटरीला तीन लागतात. तीन फेज आले की मोटर, मोटरीचा घूं ऐकला की सगळ्या बाया नळावर.

मी पहिली तार छेडायच्या आत देऊळ रिकामं. उरला मारुती आणि मी. तो उठू शकत नव्हता म्हणून.

थोड्या वेळानं सगळ्या परत आल्या, रिकाम्या हंड्यांसकट. यशोदा कमरेवर हात ठेवून उभी. "मोटर नही व. हिन्ही गिटार घुमी ऱ्हायनी. बठा सर्व्याजनी."

बसल्या. मी वाजवायला लागले. आवाज घुमण्यात बुडत होता, पण सूर सापडला. भजन उभं राहिलं. यशोदानं पेटी धरली, टाळ आले. लोक डोलायला लागले.

मधेच कडेला बसलेल्या कुणाच्यातरी सुनेनं मान वर केली. "मावशी, मोटरना आवाज वाढना का?"

यशोदानं माझ्याकडे पाहिलं. शेवटी मोटरीचं कळतं कुणाला? मी वाजवता वाजवता ऐकलं. घूं घूं, एकसारखं, खालच्या पट्टीत. मी हात हलवला. "बठ. मन्हाच आवाज शे."

बसली. सगळी बसली. शेवटच्या ओळीपर्यंत एक माणूस हललं नाही.

भजन संपलं. मी ऐटीत ॲम्प्लिफायरचं बटण बंद केलं.

घूं घूं चालूच.

सगळं देऊळ माझ्याकडे बघत होतं. मी बटण परत दाबून पाहिलं, उगाच. मग एकदम धावपळ. हंडे, घागरी, चपला एकमेकींच्या. पहिली बाई नळाशी पोचली आणि सगळीच लाइट गेली.

यशोदा अंधारात माझ्याजवळ आली. "मी हारनी व. पेटी सोडी दिनी. पन सकाळले चूळ भराले पानी कोठून आनू, ते सांग."

एक मात्र खरं. आमच्या गावानं भजन शेवटपर्यंत बसून ऐकलं असं आजवर कधी झालं नव्हतं. सकाळी एकेक जण माझ्या दारात येऊन मला हेच सांगून गेला, न धुतलेल्या तोंडानं.