शेठचं लाठीचं पुस्तक

आमचे शेठ कापड मोजतानाही लाठीचा पवित्रा घेत. डावा पाय पुढे, गुडघा किंचित वाकलेला, आणि मीटरपट्टी अशी फिरवत की समोरची बाई पदर सावरून मागे सरकायची. मंगरूळपीरात त्यांचं कापडाचं दुकान होतं. लाठी मात्र ते कधी शिकले नव्हते. वडिलांनी लहानपणीच गल्ल्यावर बसवलं, ते बसलेच. हौस तेवढी मनात राहिली.

गावच्या आखाड्यात लाठी शिकवणारे उस्ताद थकले, तेव्हा शेठनी मनावर घेतलं. उस्तादांचा लाठीचा एकेक हात चित्रात उतरवायचा आणि त्याचं देखणं पुस्तक करायचं. मी दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर. मला बोलावणं आलं. शेठ म्हणाले, "रंगाले हात आखडू नको. असं काढ का पाहणाऱ्याचे हात शिवशिवले पायजे."

दुकानामागच्या अंगणात उस्ताद पवित्रा घेऊन उभे राहायचे, मी काढायचो आणि शेठ खुसपटं काढायचे. "अंगठ्यावर जोर कुठं दिसून राह्यला? पुन्हा काढ." राग यायचा, पण टिकत नसे. काम संपलं की हेच शेठ खाली बसून उस्तादांच्या गुडघ्यांना तेल चोळायचे.

एकदा उस्ताद वैतागले. "शेठ, तस्वीरा बहुत झाल्या. पोट्टे पाठवा, हात धरून शिकवतो."

"पोट्टे जिमले जातात, उस्ताद."

"मंग तुमीच या."

शेठ लाजले. "पुस्तक होऊ द्या, मंग निवांत शिकतो."

त्या दिवशी त्यांनी तिथेच लाठी उचलली असती तर! आता शेठही नाहीत, आणि ही हळहळ मला एकट्यालाच करावी लागते.

अकोल्याहून पुस्तक बांधून आलं, त्याआधीच उस्ताद गेले. त्यांचा चाळिसावा दिवस झाल्यावर शेठ मला आखाड्यात घेऊन गेले. पुस्तक उघडून ठेवलं, मातीला हात लावून कपाळी नेला, लाठी उचलली. पहिल्या चित्रात उस्ताद होते तसे हुबेहूब उभे राहिले. मग वाकून दुसरं चित्र पाहिलं आणि तसे उभे राहिले. दोन्ही पवित्रे बरोबर होते. पण एकातून दुसऱ्यात जायला लागले की लाठी अडकायची. एकदा तर नडगीवरच बसली.

"इथून तिथं उस्ताद जात कसे होते रे?" नडगी चोळत त्यांनी विचारलं. "तू तं रोज पाहत होता. सांग नं."

चित्र काढताना मी उस्तादांना रोज एवढंच म्हणत होतो, "हलू नका."