राजीनाम्याचे दोन अर्थ

ही हकिगत आमच्या हॉटेलात सगळ्यांना पाठ आहे. नवीन माणूस कामावर आला की पहिल्याच आठवड्यात त्याला ती ऐकवली जाते, लोक पोट धरून हसतात, शेवटी टाळ्याही पडतात. त्यातला एक तपशील मात्र मी आजवर कोणालाही सांगितलेला नाही — घरी नाही, मित्रांत नाही, आणि जिला सांगायला हवा होता तिला तर नाहीच. हॉटेलात येण्याआधी मी वर्तमानपत्रात होतो. तिथे चुकीचं काही छापलं गेलं की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती द्यावी लागते. ही दुरुस्ती द्यायची राहून गेली. राहून गेली म्हणजे — मी ती दाबून ठेवली.

तुम्हाला आधी सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट सांगतो. ती खरी आहे, एवढं लक्षात असू द्या. तिच्यात खोटं काही नाही. फक्त ती पूर्ण नाही.

वर्तमानपत्र सोडल्यावर मला बनारसच्या कँटोन्मेंटजवळच्या एका हॉटेलात एचआर मॅनेजरचं काम मिळालं. तोवर त्या हॉटेलात असा विभागच नव्हता. माणसं ठेवणं आणि काढणं मालक स्वतः करत. एचआर म्हणजे नेमकं काय, असं मला तेव्हा पुष्कळांनी विचारलं. मी सांगायचो — मालकाचं म्हणणं कामगारापर्यंत आणि कामगाराचं मालकापर्यंत न बदलता पोचवायचं. हजेरी, रजा, पगार यंत्रावरही होतात. हे एवढं मात्र माणसानेच करायचं असतं. व्याख्या चांगली होती. ती पाळली की नाही, तेच पुढे सांगायचं आहे.

काशीला महाराष्ट्रातून यात्रेकरू खूप येतात. दशाश्वमेधावर पहाटे कचौडी-जिलेबी पाहून त्यांचे डोळे दिपतात, पण तिसऱ्या दिवशी पोटाला पोहे आठवतात. म्हणून नाश्त्याला मराठी पदार्थ ठेवायची कल्पना मी मांडली आणि त्यासाठी सुनंदाला घेतलं. ती नागपूरकडची. नवरा रेल्वेत, बदली होऊन बनारसला आलेला. बाहेरची नोकरी तिने आयुष्यात कधी केली नव्हती. मुलाखतीत मी विचारलं, किती लोकांचे पोहे जमतील? ती म्हणाली, “आमच्याकडे लग्नात माणसं मोजत नाहीत जी भाऊ, कढया मोजतात.” मी तिला तिथेच कामावर घेतलं. ते मात्र मी बरोबर केलं होतं.

तिच्या टेबलापुढे गर्दी होऊ लागली आणि तिवारीजी बिघडले. तिवारीजी म्हणजे आमचे मुख्य स्वयंपाकी. हात सोन्याचा, तोंड मात्र भलतंच. एका सकाळी त्यांनी सुनंदाची परात उचलली, “ई का हौ, चिरई क चारा?” — हे काय, चिमण्यांचा चारा? — असं म्हणत स्वयंपाकघरातल्या सगळ्या पोरांसमोर पोहे कचऱ्याच्या डब्यात ओतले. तिने परात धुतली, पुसली, जागेवर ठेवली आणि सरळ माझ्या खोलीत आली. तिला एकच गोष्ट हवी होती. जेवढ्या लोकांसमोर पोहे फेकले, तेवढ्याच लोकांसमोर माफी.

मी तक्रार मालकांकडे नेली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीत आम्ही चौघे बसलो — मालक, तिवारीजी, सुनंदा आणि मी. मालकांनी दोघांचं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून ते सुनंदाला म्हणाले, “देखिए, घर की बात है. राजीनामा कर लीजिए, बात यहीं खतम.”

सुनंदाचा चेहरा उतरला. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या खोलीत तिची भाषा बोलणारा मी एकटाच होतो.

“काय जी भाऊ, साहेबाले राजीनामाच पाहिजे काय?”

“हो,” मी म्हणालो.

ती उठली, मान वर केली आणि आपल्या नागपुरी हिंदीत म्हणाली, “ठीक है साहब. दिया राजीनामा.” मालक खूश झाले. शाबाश म्हणाले. सुनंदाने अ‍ॅप्रन सोडला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि निघून गेली. मालकांनी चकित होऊन मला विचारलं, ही चालली कुठे? मी सांगितलं की तिला आता इथे काम करायचं नाही.

पुढचा भाग सुनंदाच रंगवून सांगते. दोनेक महिन्यांनी तिच्या गल्लीत दोन शेजाऱ्यांची पाण्याच्या मोटरीवरून मारामारी झाली. चौकीवरचा शिपाई आला, दोघांना दरडावून म्हणाला, चुपचाप राजीनामा कर लो, नाही तर आत घालीन. सुनंदा गच्चीवरून बघत होती. ती घरमालकिणीला म्हणाली, “कायचा राजीनामा देतील हे? एकालेही नोकरी नाही!” घरमालकीण हसत सुटली. राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं नव्हे गं, तिने समजावलं. राजीनामा म्हणजे समझोता. दोघांनी राजी व्हायचं, भांडण मिटवायचं. नोकरी सोडतात तो इस्तीफा.

सुनंदा तिथेच खाली बसली. म्हणजे साहेबांनी तिला काढलंच नव्हतं. तिला माफी हवी होती आणि साहेब तिवारीजींना त्यासाठी राजी करायला तयार होते. ती जिंकली होती, आणि जिंकून घरी जाऊन बसली होती.

दुसऱ्या सकाळी ती हॉटेलच्या पुढच्या दाराने आत आली. कामगार मागच्या दाराने येतात. ती पुढून आली, रिसेप्शनवर कोणाला न विचारता थेट मालकांच्या खोलीत गेली, आणि मी पोचलो तेव्हा उभ्याने बोलत होती — साहब, मैंने काम छोड़ा ही नहीं, आपने छुड़ाया ही नहीं, तो फिर मैं घर पर क्यों बैठी हूँ? मालकांना उलगडा व्हायला वेळ लागला. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “गुरु, आप तो कहे थे कि इनको काम नहीं करना?”

मी तोंड उघडण्याआधी सुनंदाच बोलली. “भाऊ का क्या कसूर, साहब? वो भी तो मराठी हैं. वो भी वही समझे.”

मालक हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. दोन मराठे और एक राजीनामा, असं ते दिवसभर भेटेल त्याला सांगत होते. मीही हसलो.

त्याच दुपारी सगळं स्वयंपाकघर गोळा केलं. भांडी घासणाऱ्यांपासून वेटरांपर्यंत सगळे. तिवारीजींनी डोक्यावरची टोपी काढली आणि हात जोडून स्वच्छ शब्दांत माफी मागितली — गलती हमारी थी, बहिनी. मग कोणीतरी मागून “हर हर महादेव!” अशी आरोळी ठोकली आणि छप्पर दणाणलं. झारे कढयांवर वाजू लागले. सुनंदा रडली नाही. कमरेला अ‍ॅप्रन बांधत म्हणाली, उद्या सकाळी सातला पोहे. दुसऱ्या दिवशी तिवारीजी स्वतः बशी घेऊन तिच्यापुढे उभे राहिले, तेव्हा तिने विचारलं, “चिरई को भूख लगी क्या, महाराज?” तिवारीजींनी दोनदा घेतले.

एवढ्यावर ती थांबली नाही. तिने मालकांकडून एक नियम करून घेतला. कोणीही नोकरी सोडतो म्हणाला, तर त्याने घरी जायचं, दुसऱ्या दिवशी यायचं आणि तेच पुन्हा, आपल्या भाषेत, आपल्या पसंतीच्या माणसासमोर सांगायचं. ऐकणाऱ्याने ते उलट म्हणून दाखवायचं. या नियमामुळे किती नोकऱ्या वाचल्या! रागाच्या भरात सोडून जाणारे सकाळी लाजत परत येऊ लागले. शहरातल्या हॉटेलवाल्यांच्या एका मेळाव्यात या नियमाबद्दल माझा सत्कार झाला. शाल मी घेतली. सुनंदा पहिल्या रांगेत बसून जोरजोरात टाळ्या वाजवत होती.

इथे सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट संपते. छान आहे ना? मलाही आवडते.

आता तो तपशील.

मी दुर्गाघाटावर जन्मलो. आमचं कुटुंब कित्येक पिढ्या बनारसमध्ये आहे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. काकांनी बँक सोडली तेव्हा घरात राजीनामा हा शब्द ऐकला. गल्लीत दोन दुकानदारांचं भांडण मिटलं तेव्हा तोच शब्द दुसऱ्या अर्थाने ऐकला. दोन्ही मला लहानपणापासून ठाऊक. आणि मी ज्या वर्तमानपत्रात होतो, ते हिंदी होतं. माझ्याकडे कोर्टाच्या बातम्या असत. दोनों पक्षों में राजीनामा — हे शीर्षक मी किती वेळा बसवलं असेल? झोपेतही मला तो शब्द चुकला नसता.

मालकांनी तो उच्चारला तेव्हा मला कळलं. सुनंदाने विचारलं तेव्हा तिला काय वाटतंय, तेही कळलं. त्या खोलीत दोन्ही अर्थ माहीत असलेला एकच माणूस होता, आणि त्याचं काम एकच होतं — मधला शब्द न बदलता पोचवायचा. मी शब्द बदलला नाही. फक्त “हो” म्हणालो. व्याकरणाने ते खरंही होतं, मालकांना राजीनामाच हवा होता. एवढ्या सफाईने खोटं बोलायला मी कुठे शिकलो?

कारण होतं. त्या सकाळी तिवारीजी मला एकट्याला गाठून म्हणाले होते, माफी मागायला लावलीत तर चार पोरं घेऊन निघून जाईन. लगन सुरू होतं, म्हणजे लग्नांचा हंगाम, रोज मांडव. ते गेले असते तर पहिल्याच वर्षी माझ्या विभागाचं हसं झालं असतं. मालकांना हे मी सांगितलं नाही. दोघांत कोण गेलेलं मला परवडेल, एवढा हिशेब केला आणि बाईला घरी पाठवलं. तिवारीजी पुढे माफी मागूनही कुठे गेले नाहीत, हे तुम्ही वाचलंच. पण ते गेले असते, तरी मी केलेलं तेच राहिलं असतं.

आणि खरी लाज त्या “हो”ची नाही. ती परत आली, मालकांनी मला विचारलं, आणि तिने मला निर्दोष ठरवलं — तेव्हा मी गप्प राहिलो. माझ्या खोट्यावर तिने आपल्या भोळेपणाचं पांघरूण घातलं आणि मी ते ओढून घेतलं. हसलो. नंतर शाल घेतली.

सुनंदा मराठी वाचते. हे छापून आलं तर ती वाचेल. तिने त्यावर काय करावं, हे मी सुचवणार नाही.

मागच्या महिन्यात कामगारांनी तक्रार समितीवर आपला माणूस निवडला. हात वर करून मतदान झालं. सुनंदाच्या नावाला तिवारीजींसकट सगळ्यांचे हात वर गेले आणि पुन्हा तीच आरोळी उठली. आता नाश्ता आटोपला की तिच्या टेबलाशी माणसं उभी राहतात — पगार, रजा, कोणाचं भांडण, कोणाचा अपमान. माझ्या खोलीच्या दारावर पितळी पाटी आहे, आत दोन रिकाम्या खुर्च्या. काचेतून मला त्या टेबलाशी उभी असलेली माणसं दिसतात. कोणाकडे जायचं, हे त्यांना बरोबर कळलंय.