साखरेचे पैंजण

डिसेंबर सरत आला होता आणि थंडी अशी, की पहाटे नळाखाली हात धरवत नव्हता. पंचगंगेवरून आलेलं धुकं मंगळवार पेठेतल्या कौलांवर बसलेलं. शाळांना नाताळची सुट्टी लागली होती, त्यामुळं गल्ली अजून अंथरुणात होती. कालिंदी मात्र उठून कामाला लागलेली. नळ साडेपाचला यायचा आणि सहाला करंगळीएवढा व्हायचा. म्हणून आधी घागरी, मग हंडा, मग शेगडी.

शेगडी भुशाची. वखारीतून पोतंभर भुसा आणायचा, शेगडीच्या मधोमध बाटली उभी धरायची, भोवतीनं भुसा मुठीनं ठासायचा आणि बाटली हळूच फिरवत वर काढायची. खालच्या तोंडातून एक चिपाड पेटवून सारलं की दोन तास जाळाकडं बघायला नको. ठासणं सैल झालं तर सगळं आतल्या आत ढासळतं आणि घरभर धूर होतो. या घरात आल्यापासून बावीस वर्षांत कालिंदीची शेगडी कधी ढासळली नव्हती.

चहाला उकळी आली तसं तिनं पातेलं खाली उतरवलं आणि मग त्यात गूळ सोडला. जाळावर असताना गूळ घातला तर दूध फाटतं. बशी भरून तिनं सासूपुढं ठेवली.

सासूला सगळी गल्ली माई म्हणायची, सूनही माईच म्हणायची. सत्तरी ओलांडलेली, किडकिडीत, पण जीभ अजून तिखट. माईंनी बशी लांबूनच बघितली.

"ह्यो चहा हाय का काढा? गणपतीपासनं औषध घेतल्यागत पितोय मी."

"कोल्हापुरात राहून गुळाला नावं ठेवतीस, आई?" अंबादास टोपी झटकत म्हणाला. तो जकात नाक्यावर कारकून. "गूळवाल्या अडत्यांनी ऐकलं तर वाळीत टाकतील तुला."

"टाकू देत. वाळीत तरी कोण साखरंचा देईल."

अंबादास हसत सायकल काढून गेला. माईंनी बशी तोंडाला लावली, एक घोट घेतला आणि खाली ठेवली.

"कालिंदे, आज तेवढा एक कप साखरंचा कर गं. जिभंला चवच न्हाय कालपासनं."

कालिंदीनं फळीवरच्या पत्र्याच्या डब्याकडं बघितलं. झाकणावर जुन्या लुगड्याचं धडपं घट्ट बांधलेलं होतं. "माई, संक्रांत होऊ दे. मग रोज साखरंचा देतो."

"तवर जगायला पायजे की."

"सकाळी सकाळी काय बोलताय वो!"

"बरं बाई, ऱ्हायलं. दे तुझा काढा." आणि माईंनी उरलेला चहा डोळे मिटून संपवला.

कालिंदीला त्यात काही वावगं वाटलं नाही. माईंचं साखरेच्या चहाचं वेड गल्लीला ठाऊक होतं. आणि काटकसर तिला शिकवली होती ती माईंनीच. नेसरीच्या शेतकऱ्याची पोर, घरात दूधदुभतं, कणग्या भरलेल्या. पंधराव्या वर्षी ती या दोन खोल्यांत आली तेव्हा तिला भांडं रिकामं करता यायचं, राखता येत नव्हतं. माईंनी दाखवलं. तेलाची बाटली उपडी घालून रात्रभर वाटीवर ठेवायची. जुनेराची आधी वाकळ, वाकळ विटली की पायपुसणं, पायपुसणं विरलं की शेगडीची फडकी. भाकरीच्या पिठाची परात धुतलेलं पाणी आमटीत. माई रागावून शिकवत नसत, चेष्टा करत शिकवत. "नेसरीकरीण हाय बाबा, हिच्या हाताला मापच न्हाय," म्हणत. पुढं पुढं कालिंदीचा हात माईंपेक्षाही आखडता झाला.

डब्यातली साखर होती लीलासाठी.

लीला ही एकुलती एक लेक. वैशाखात तिला हुपरीला दिली. चांदीचे पैंजण घडवणारं घर. पुढच्या सोप्यात दिवसभर तीन माणसं मान मोडून घुंगरं जोडत बसलेली. लग्न जेमतेम झालं. देण्याघेण्यात अंबादासची ओढाताण झाली आणि ती सगळ्यांना दिसली. पाठवणीच्या वेळी लीलाची सासू, सगळे तिला आक्का म्हणत, भर मांडवात मोठ्यानं म्हणाली, "आमच्याकडं सगळं चांदीचं हाय बघा, विहीणबाई. संक्रांतीला तुमच्याकडनं साखरंचं तरी येऊ दे की भरभरून!"

बायका हसल्या. कालिंदीही हसली. पण ते वाक्य तिच्याबरोबर घरी आलं आणि घरातच राहिलं.

लग्नानंतरची पहिली संक्रांत एकदाच येते. काळी साडी आणि हलव्याचे दागिने माहेरचे. त्यातून ते साल बहात्तरचं, दुष्काळाचं. रेशनवर लाल मिलो ज्वारी आणि मोजकी साखर. बाहेर साखरेचा भाव विचारायची सोय नव्हती. म्हणून गणपतीपासून रेशनची साखर दुकानातून थेट डब्यात जायला लागली. दिवाळीच्या करंज्यासुद्धा गुळाच्या झाल्या. माईंना सगळं ठाऊक होतं. त्यांनी कुरकुर केली ती तेवढी बशीपुरती.

कारण हलवा करणार होत्या त्याच. माईंच्या हाताला काटा होता. परातीत तीळ, खाली विझत आलेले निखारे, वरून चमचाभर पाक, आणि मग बोटांच्या टोकांनी ते तीळ फिरवत राहायचं, तासन्‌तास, दिवसामागून दिवस. पाक जरा जास्त पडला तर गोळा, निखारा जरा जास्त झाला तर पिवळा. थंडी चांगली असली आणि हात हलका असला तरच दाण्यावर पांढरा काटा उभा राहतो. माई विधवा. पण त्यांच्या हातचा हलवा गल्लीतल्या कितीतरी नव्या सुनांच्या अंगावर चढला होता. तिथं कुणी नाक मुरडलं नाही.

त्याच दुपारी त्यांनी परात मांडली. कालिंदीनं धडपं सोडलं, पाक केला.

"बाजूबंद, हार, बांगड्या तर करायच्याच," माई बोटं फिरवत म्हणाल्या. "पण मी पैंजण बी करणार. हुपरीच्या लोकास्नी साखरंचं पैंजण दावतो. म्हणावं, घडवा असलं."

शेजारची धोंडुबाई उंबऱ्यात बसली होती, ती खदखदून हसली. "माई, तेवढं घालून चालली लीला तर मुंग्याच लागतील की वो मागं!"

"लागू देत. चांदीच्या पैंजणाला एक तरी मुंगी लागती का इचार त्यांना."

पाकाचं पातेलं रिकामं झालं तसं कालिंदीनं त्यात चमचाभर पाणी घालून विसळलं.

"ते इसळलेलं पाणी तरी मला दे की," माई म्हणाल्या.

"माई, तुमी म्हंजे ना!" कालिंदी हसली आणि ते पाणी पुन्हा पाकात ओतलं. माईही हसल्या.

तीन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी काटा धरला. माईंनी त्यातले चांगले टपोरे दाणे वेचून पैंजणासाठी एका वाटीत वेगळे काढले. वेचता वेचता त्या सारखा पदर गळ्याशी ओढून घेत होत्या. कालिंदीला वाटलं, थंडीनं.

चौथ्या दिवशी सकाळी माई उठल्या नाहीत. अंग तव्यासारखं. अंबादासनं डॉक्टरांना बोलावलं. छातीत कफ दाटलाय, न्युमोनिया आहे म्हणून त्यांनी इंजेक्शन दिलं आणि विचारलं, "कधीपासून बरं नाही यांना?"  जिभेला चव नाही असं माईंनी सांगितलं होतं, तो दिवस कालिंदीच्या डोळ्यांपुढं आला.

डॉक्टर गेल्यावर तिनं डबा उतरवला. धडप्याची गाठ सुटेना, तिनं ती दातानं ओढली. दूध जास्त, आलं ठेचून, आणि साखर दोन चमचे, शिगोशीग भरून. चहा बशीत ओतून, फुंकर घालून तिनं बशी माईंच्या तोंडाशी धरली. माईंनी दोन घोट घेतले.

"गुळाचाच न्हवं?"

"न्हाय माई. साखरंचा हाय. दोन चमचं घातलीया."

"खोटं कशाला बोलतीस?" माई रागावल्या नव्हत्या, समजूत घातल्यासारखं बोलत होत्या. "कळतंय की मला. बरं केलंस. डब्याला हात लावू नको. पैंजण व्हायचं हाय अजून."

"आई शप्पत, माई! बघा की, साखरंचाच हाय!"

माईंनी मान वळवली. बशीतला चहा तसाच निवला. दोन दिवसांनी, सकाळच्या उन्हात, माई गेल्या.

सुतक आलं. घरात शेगडी पेटली नाही. गल्लीतून पिठलं-भाकरी यायला लागली. अर्धा हलवा परातीत तसाच पडलेला. पाचव्या दिवशी धोंडुबाई आली आणि काही न विचारता परात उचलली.

"सुतक तुझ्या घरात हाय, माझ्या न्हाय. लीलाची पयली संक्रांत कोरडी जाऊ देत न्हाय मी. बघतो करून."

दोन दिवस ती निखाऱ्यांशी बसली. आणि नेमकं आभाळ आलं. हवा कोंदट झाली, हलव्याला पाझर सुटला, उभा राहिलेला काटा बसला. तिसऱ्या दिवशी तिनं परात परत आणून ठेवली, पदरानं झाकून.

"माईचा हात न्हाय गं मला," एवढंच म्हणाली.

तेराव्याला गोड करायचं होतं. आचाऱ्यानं विचारलं, शिऱ्याला साखर किती. कालिंदीनं डबाच त्याच्यापुढं ठेवला. "घाला सगळी." शिरा चांगला झाला. जेवणारा प्रत्येकजण तसं म्हणाला. तिनं पानावर घेतला, पण हात लावला नाही.

लीलाबरोबर हुपरीहून आक्का आली होती. पंगत उठल्यावर ती कालिंदीजवळ येऊन बसली. कालिंदीनं मान खाली घालूनच सांगितलं.

"आक्का, लीलाचं हलव्याचं ऱ्हायलं. तुमी मांडवात बोललासा, तवापासनं साखर धरून ठेवलती. माईंना सुदिक दिली न्हाय. पण न्हाय झालं. राग धरू नका."

आक्कानं वाकून तिच्या तोंडाकडं बघितलं. "काय बोललो मी मांडवात?"

कालिंदीनं शब्दन्‌शब्द सांगितला.

"आगं माझ्या कर्मा!" आक्कानं कपाळावर हात मारला. "आवो, मला आठवत बी न्हाय. विहिणी विहिणी चेष्टा करत्यात, मांडवात काय बी बोलत्यात. औंदा साखर कुणाच्या घरात हाय वो? आमचाच चहा गुळाचा असतोय. तुमी त्याच्यापायी..."  कालिंदीचा हात तिनं आपल्या हातात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. कालिंदी रडली नाही. ती फक्त "चेष्टा व्हय," असं एकदा म्हणाली.

लीलानं फळीवरची वाटी बघितली होती. पैंजणासाठी वेचलेले दाणे. झाकून राहिल्यामुळं त्यांचा काटा अजून तसाच होता, कडक, पांढराशुभ्र.

"आई, हे मी नेतो."

"सुतकातल्या घरचं, बाळा. सणाला चालत न्हाय."

"सणाला कुठं नेतोय? आजीनं केलंय म्हणून नेतोय." लीलानं ते दाणे पदराच्या टोकात ओतले आणि सासूकडं बघितलं.

"घट्ट गाठ मार," आक्का म्हणाली. "एस्टीत सांडतील."

दुसऱ्या दिवशी आभाळ निवळलं होतं आणि थंडी पुन्हा उतरली होती. नळाला पाणी आलं. कालिंदीनं घागरी भरल्या, हंडा भरला, चहाला आधण ठेवलं. अंबादास भिंतीला टेकून बसला होता. माईंचं अंथरूण उचललेल्या जागेकडं त्याचं तोंड.

"आता साखरंचा करत जा की," तो म्हणाला. "आता कुणासाठी राखायची?"

"डबा रिकामा हाय," ती म्हणाली.

उकळी आली. तिनं पातेलं खाली उतरवलं, मग गूळ सोडला, चमच्यानं ढवळलं. दूध फाटलं नाही. नवऱ्याची बशी भरून दिली. आपल्या कपातला चहा तिनं हळूहळू, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

मग उठून तिनं दुपारच्या स्वयंपाकासाठी दुसरी शेगडी पुढं ओढली, मधोमध बाटली उभी धरली आणि भोवतीनं मूठ मूठ भुसा टाकून ठासायला लागली.