पत्र्याच्या शेडमधली शर्यतीची नाव

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. पूर्णा जंक्शनला वीस वर्षं तिकीट खिडकीमागे बसलेल्या बाईला जिवंत माणसंच पुरे होतात... तरीही हे लिहितेय, कारण गेल्या मे महिन्यातला तो शनिवार मनातून जात नाही.

आमच्या घरामागे पत्र्याचं शेड आहे. त्यात ठोकळ्यांवर ठेवलेली शिडाची एक लाकडी नाव होती — शर्यतीची, दोघंच बसतील एवढी. माझे वडील, अण्णा, रेल्वेत सुतार. सिकंदराबादला असताना सुट्टीच्या दिवशी ते तलावावरच्या एका क्लबच्या नावा दुरुस्त करायचे. ही त्यांची लाडकी. हिच्या निम्म्या फळ्या त्यांनीच बदललेल्या. पण सुताराने दुरुस्त करायची आणि साहेबांनी चालवायची. पाण्यावर अण्णा तिच्यात एकदाही बसले नाहीत. बदली झाली तेव्हा क्लबने मोडीत काढलेली ती नाव त्यांनी मागून घेतली, मालगाडीने इकडे आणली... आणि ती शेडमध्येच राहिली.

आता अण्णा चौऱ्याऐंशीचे. जुन्या नावा जपणारे पुण्याचे एक गृहस्थ रविवारी ती न्यायला येणार होते. वाळवीने खाण्यापेक्षा बरं, म्हणून अण्णांनीच होकार दिला. फक्त त्याआधी एकदा येलदरीच्या धरणावर तिच्यात बसायचं होतं त्यांना.

पण लाकूड वाळून करंगळी जाईल एवढ्या फटी पडलेल्या. मी म्हटलं, "डांबर भरूत की, पत्र्याला भरतो तसं."

"येडी हायस का?" अण्णा उखडले. "फळी आठ दिस पाणी पेली की फुगती, फटी आपसूक मिटत्यात. डांबर भरलं तर फुटंल ती."

आठ दिवस पाणी! आमच्या नळाला पंधरा दिवसांनी येतं. आधीच्या आठवड्यात दोन घागरी ओतून पाहिल्या, तर चाळणीत ओतल्यासारखं सगळं खाली. शेवटी शनिवारी सांगितलं, "अण्णा, न्हाई जमायचं."

"जाऊ दे माय," एवढंच म्हणाले. मला रडूच आलं.

दुपारी त्यांना शेडमध्येच नावेत बसायचं होतं. हात धरून बसवलं, समोर मीही बसले. बाहेर ऊन रणरणत होतं. अण्णांनी सुकाणूचा दांडा धरला, डोळे मिटले. आणि... नाव हलली. हळूच डावीकडे कलली, सावरली. खालून चुबुक-चुबुक आवाज येऊ लागला. पत्र्याच्या भोकांतून पडलेले कवडसे अण्णांच्या चेहऱ्यावर डुलत होते. गार वारा... शेवाळाचा वास. भीती वाटली नाही, खरंच सांगते. लहानपणी अंगणात झोपल्यावर वाटायचं तसं सुख वाटलं. मी उठायला गेले तर अण्णा हलकेच म्हणाले, "हालू नको. वारा धरलाय तिनं."

किती वेळ गेला कोण जाणे. नांदेडकडे जाणाऱ्या गाडीचा भोंगा झाला आणि सगळं थांबलं.

मला डुलकी लागली असेल, असंच मी धरून चालले. पण रविवारी पुण्याचे गृहस्थ आले, वाकून फळ्यांवरून हात फिरवू लागले.

"किती दिवस पाण्यात ठेवली होती? एकही फट नाही."

नाव बाहेरून वीतभर उंचीपर्यंत ओली होती. आतून कोरडीठाक.

त्यांच्याकडे एक वही होती. प्रत्येक नाव कोणी कोणी चालवली, कुठे, ते त्यात लिहायचे. अण्णांनी एकेक साहेब आठवून सांगितला.

"आणि शेवटी कोणी चालवली?"

"मी," अण्णा म्हणाले. "काल."

त्यांनी लिहून घेतलं. "कुठल्या पाण्यावर?"

"ते हिला इचारा. ही बी व्हती की संगं."

दोघंही माझ्याकडे बघत राहिले. मी एवढंच म्हटलं, "तेवढी जागा कोरी सोडा. बाकीचं खरं आहे, लिहा."